क्षेमाची ट्रंक आणि आईचा हंडा

इंदापूर,
जुलै १९९६

आयुष्मती सारजाअक्का हिला धाकट्या साहेबरावाचा सविनय जय भीम. दाजींनाही जय भीम सांग. त्यांचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तू 'बरा आहे' असं लिहिलं होतंस, पण तुझ्या 'बरा'वर माझा विश्वास नाही; टायफॉईड झाला होता तेव्हाही तू बरीच होतीस. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य मी लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. खुशाल आहोत हे खरं, पण घरात पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे सामान आहे.)

तुझी भाची क्षेमा एम.एस्सी.साठी पुण्याच्या विद्यापीठात निघाली आहे, हे तुला माहीत आहेच. बी.एस्सी. तिने रोज एस.टी.ने बारामतीला जाऊन-येऊन केली. त्यामुळे हॉस्टेलात राहायला काय काय लागतं याचा घरात कोणालाच अनुभव नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाचं मत ठाम आहे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पप्पा, ट्रंक माझी मी भरणार. कुणी काय घालायचं न्हाय." मी शब्द दिला. शब्द देताना मला फार पुरोगामी वाटलं, आणि तसं मी रोजनिशीत लिहूनही ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घातलं, कारण तोवर मी तिच्या ट्रंकेत एक टॉर्च, एक कुलूप आणि माझा जाडजूड इंग्रजी शब्दकोश सरकवला होता.

पण पोरीची पद्धत ऐक. ट्रंक भरायची, उचलायची आणि घरापासून एस.टी. स्टँडपर्यंत एकटीने न्यायची. जिथे हात बदलावा लागेल तिथेच रस्त्याकडेला बसून ट्रंक उघडायची आणि एक वस्तू कमी करायची. तिचं म्हणणं एवढंच, की जी एकटीला उचलत नाही ती ट्रंक आपली नाही. हा प्रयोग आठवडाभर इंदापूरच्या भर रस्त्यात चालला होता. शब्दकोश औषधांच्या दुकानासमोर बाहेर आला. (मी मागेच होतो. भाजी आणायला निघालो होतो, असं मी तिला सांगितलं.) चादरीच्या घडीत तुझ्या भावजयीने, म्हणजे जयवंताने, लपवलेला कुरडयांचा डबा शाळेच्या फाटकापाशी सापडला. कोपऱ्यावरचा शिंपी मला रोज विचारायचा, "सर, पोरगी निघाली का परत आली?" सराव चाललाय, असं मी सांगत असे आणि मान ताठ करून पुढे जात असे. खरंच अक्का, मला तिचा अभिमान वाटला. इतका स्वच्छ विचार तिच्यात कुठून आला, यावर मी रोजनिशीत पानभर लिहिलं. माझ्याकडून आला नाही, एवढंच नक्की झालं.

मग निरवांगीहून आई आली. एस.टी.तून उतरली ती तांब्याचा नवा कोरा हंडा घेऊनच. कंडक्टरने हंड्याचं लगेज मागितलं, तेव्हा तिने त्याला विचारलं म्हणे, "मांडीवरच्या लेकराला तिकीट लावता का तुमी?" हंडा तिने सोप्यात मधोमध ठेवला. त्याच्या काठावर भांडीवाल्याकडून कोरून घेतलं होतं: 'चि. सौ. कां. लेकीस विवाहप्रीत्यर्थ आईकडून सप्रेम भेट'. मास्तर असल्यामुळे मला त्या एका ओळीत तीन चुका दिसल्या. लेक नव्हे, नात. आई नव्हे, आजी. आणि विवाह तर कुठेच नाही. आईला वाचता येत नाही. ती काहीतरी बोलली असेल आणि त्या माणसाने सवयीने लग्नाचं कोरून दिलं असेल. सांगावं तर तिचं मन मोडणार, न सांगावं तर हा हंडा मुलींच्या हॉस्टेलात जाणार. यावर शांतपणे विचार करायचा, असा निर्णय मी घेतला.

तेवढ्यात शेजारच्या गोजरबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेने हंडा मोठ्याने वाचला.

"भागुबाई, जावई काय करतो?" गोजरबाईंनी विचारलं.

"जावई न्हाय, एमेस्सी हाय," आई म्हणाली.

"म्हंजी कुठल्या फॅक्टरीत?"

अंधार पडायच्या आत गल्लीतून आहेर सुरू झाले. जयवंता एक खण परत करायला गेली आणि दोन घेऊन आली.

क्षेमा स्टँडवरून परतली तेव्हा ट्रंकेत कपडे, पुस्तकं, एक ताट-वाटी आणि पातळ गोधडी एवढंच उरलं होतं, आणि त्या दिवशी तिने वाटेत एकदाही हात बदलला नव्हता. समोर हंडा. आता एक तर तिचा नियम मोडणार होता, नाही तर आईचं मन. मला ते बघवेना म्हणून मी अंगणात गेलो. (खिडकीपाशीच उभा होतो.) पोरगी आईसमोर मांडी घालून बसली आणि सरळ म्हणाली, "आज्जे, हॉस्टेलात नळ हाय. ह्यो मला लागत न्हाय, आन् उचलत बी न्हाय."

मी खिडकीचा गज धरला. आई रागावली नाही. तिने क्षेमाचं डोकं जवळ ओढलं आणि कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. क्षेमा उठली ती डोळे पुसत, आणि म्हणाली, "पप्पा, हंडा मी नेणार." आठवडाभर जपलेला नियम तिने म्हाताऱ्या माणसासाठी एका क्षणात सोडला. माझ्या हातून हे झालं असतं का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर अजून लिहिलेलं नाही.

तुझा भाऊ,
साहेबराव

ता. क. रविवारी दुपारच्या गाडीने आईला घेऊन आम्ही स्वारगेटला उतरू. ट्रंकेला क्षेमा हात लावू देणार नाही, पण हंड्यासाठी दाजींना घेऊन ये. हॉस्टेलात तो ठेवता येणार नाही. बोपोडीला तुझ्याकडेच राहू दे.

ता. क. नुसता ठेवू नकोस, त्यात पाणी भर, असा आईचा निरोप आहे.

ता. क. क्षेमाने आत्ता हे पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. तिने कसलाही नियम सोडलेला नाही म्हणे. हंडा तिच्या सामानात धरायचाच नाही. आई तिच्या कानात म्हणाली होती, "तुला कुठं दिलाय? सारजीला लग्नात एका गाडग्यावर लावून दिली म्या. आता हंडा धाडला तर ती म्हनंल, आता कशाला. तुझ्या सामानातनं गेला की ठिवून घील." म्हणजे लेकही बरोबर होती, आईही, आणि विवाहही. मास्तराने तीन चुका काढल्या त्या ओळीत एकही नव्हती.

यातलं तुला काही कळवायचं नाही, असा आईने आत्ताच माझ्याकडून शब्द घेतला. माझ्या शब्दांचं काय होतं ते वर आलंच आहे. स्वारगेटला आईसमोर तेवढं काही ठाऊक नसल्यासारखं कर.