ठिपक्यांचं एकच दुकान

४ मार्च

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणतेस ते ब्रेलचं यंत्र दुकानात जाऊन पाहून आले. संगणकातला मजकूर पुढे सरकतो तसे पट्टीवर ठिपके वरखाली होतात, एवढंच. किंमत ऐकून मला बसायला खुर्ची मागावी लागली. दुकानदार म्हणाला, ठिपके उचलणारे हे बारीक खिळे बनवणारी कंपनी एकच आणि विकणारा तो एकटाच. दुसरीकडे स्वस्त मिळालं तर खुशाल घ्या. वर हसला मेला! दुसरी कंपनी निघेपर्यंत थांब. आईची ठेव आपल्या दोघींच्या नावावर आहे, आणि असल्या लुटीसाठी मी सही करणार नाही.

अडलंय कुठे? तुझे डोळे गेल्यापासून पुस्तकं ब्रेलमध्ये टोचून द्यायला मी आहेच ना? की आता त्या डबड्याचे ठिपके माझ्यापेक्षा गोड लागतात? उलट टपाली उत्तर हवं.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. माझ्या शाळेनं ते यंत्र आठवडाभर वापरून बघायला आणलंय. तू टोचून दिलेली ती दोन बहिणींची कादंबरी मी मुद्दाम मूळ पुस्तकावरून त्यावर वाचली. तुझ्या प्रतीत धाकटी शेवटी थोरलीकडे राहायला परत येते. पुस्तकात ती येत नाही गं. समुद्राकाठी खोली घेते आणि मजेत राहते. आधी हसले, मग रडलेही.

दुकानदार एकटा आहे म्हणून मनाला येईल ती किंमत लावतो, खरंय. पण ताई, इतकी वर्षं माझंही दुकान एकच होतं. तू देशील तो शेवट मी घेत गेले. ताडून बघणार कशाशी?

सही कर ना. तुझी पत्रं मात्र तुझ्याच हातची हवीत.

तुझी लाडकी (अजून आहे ना?)
चिमणी

२१ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

सही केलेला कागद सोबत आहे. दुकानदाराशी पुन्हा भांडले. एक पैसा सोडला नाही त्यानं. कशाला सोडेल?

तो शेवट टोचताना माझा हात पुस्तकाप्रमाणे चालेचना. ती समुद्राकाठची खोली मला तेव्हा आवडली नव्हती, आजही आवडत नाही. आणि ते डबडं तर मुळीच नाही. तू दिवसभर त्याच्यावर बोटं फिरवणार, या विचारानंच जळफळाट होतो.

पण त्या दुकानदारासमोर दुसरं दुकान उभं राहिलेलं नाही, माझ्यासमोर राहिलंय. तेव्हा किंमत मलाच उतरवायला हवी. यापुढे उलट टपाली उत्तर नको. आठवड्यानं चालेल.

पंधरवड्यानं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई