पेटीतली मोहाची बाटली

आय,
कुवेतहून कुवरसिंग तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

नव्या कामाआधी जमिनीवर धार टाकायला तू माझ्या पेटीत मोहाची बाटली ठेवलीस, ती इथे आल्यावर सापडली. या देशात दारू आणली तर तुरुंग आहे, आय! विमानतळावर कशी सुटली, देव जाणे. ओतून द्यावी तर खोलीभर वास सुटेल. दार वाजलं की आधी पेटीवर चादर टाकतो.

फोनवर बोलायची हिंमत नाही, म्हणून इथून साक्रीला निघालेल्या दीपकभाऊंकडे चिठ्ठी देतोय. सोमवारी आपला धाकटा बादल इकडे कामाला निघेल. त्याच्या पेटीत काही ठेवू नकोस. त्याची धार अंगणातच टाक.

माझीही टाक. मी धार न टाकताच कामाला सुरुवात केली.

तुझा,
कुवरसिंग