काकूंचा मुक्काम

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी तुझ्या पत्राला प्रयोगशाळेतल्या स्पिरिटचा वास येतो, असं लिहिणार होतो. पण हल्ली मला कसलाच वास येत नाही. परवा गॅसवर दूध करपलं, घरभर धूर झाला, आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. आमची मास्तरीण शाळेतून निवृत्त झाली, घरातून नाही. तिने मला पाचवीतल्या पोरासारखं उभं करून फैलावर घेतलं. पन्नास वर्षं पाट्या रंगवताना टर्पेंटाइन हुंगल्यावर नाकाने राजीनामा दिला तर त्याचं काय चुकलं?

पोटाचं सरकारी कार्यालय झालंय. अर्ज रोज जातो, काम आठवड्यातून एकदा होतं. शिवाय झोपेत मी म्हणे लाथा झाडतो. मास्तरणीच्या नडगीवर निळं पडलंय, ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. स्वप्नात कुत्रं हाकलत होतो, हे कारण तिने मान्य केलेलं नाही.

बातमी अशी, की गोदामाच्या मालकाने भिंतीवरची पाटी पुन्हा मलाच सांगितलीय. पुरुषभर उंचीची अक्षरं, वीस फुटांवर. बाकीचे रंगारी छापील कापडं टांगायला लागले. हाताने रंगवणारा मी एकटाच उरलोय. फेब्रुवारीत शिडी लावतो. आणि त्र्याहत्तराव्या वर्षी खुर्चीवर चढून माळ्यावरची खोकी काढणाऱ्या बाईने मला यावर उपदेश करायचा नाही.

लोभ आहेच, वाढवायला हरकत नाही.
तुझा ढब्बू

---

१५ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. भिंग घेऊन वाचलं. मग गेल्या वर्षभरातली तुझी सहा पत्रं टेबलावर मांडली आणि पट्टीने तुझा 'क' मोजला. गेल्या जानेवारीत सात मिलिमीटर, या जानेवारीत तीन. सुरुवात ठसठशीत, आणि सहीपाशी येईपर्यंत मुंग्यांची रांग.

तुला कळेल असं सांगते, म्हणजे फार सावकाश सांगते. मेंदूच्या पेशींत एक प्रोटीन असतं. सगळ्यांच्यात असतं, तुझं त्यात काही विशेष नाही. त्याची घडी नीट असली की ते मुकाट्याने आपलं काम करतं. उतारवयात काहींच्या बाबतीत एखाद्याची घडी चुकते. ते शेजारच्याला चिकटतं आणि त्याचीही घडी बिघडवतं. त्यांचे गोळे होतात, आणि हा बिघाड एका पेशीतून दुसरीत, मज्जातंतूंच्या वाटेने पुढे सरकत राहतो. पुष्कळांच्यात सुरुवात नाकापाशी किंवा आतड्यापाशी होते असं मानतात. सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, त्यांना एकमेकांचं काहीच पटत नाही. तिथून वर्षानुवर्षं वर सरकत ते मेंदूच्या बुडाशी, झोप सांभाळणाऱ्या भागात आणि मग हालचाल सांभाळणाऱ्या एका काळसर पट्ट्यात पोचतं. देणगीत आलेल्या मेंदूंचे मी तीस वर्षं मेणात बसवून काप काढले. कित्येकांत तो काळा पट्टा धुऊन विटलेल्या कापडासारखा फिका झालेला पाहिला.

नाक, पोट, लाथा, अक्षर. तू विनोद म्हणून लिहिलंस, मी ते क्रमाने वाचलं. मी डॉक्टर नाही, काप काढणारी बाई. पण मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. माझा अंदाज चुकला तर जन्मभर चिडव, मी ऐकून घेईन. आणि शिडी लावू नकोस. माझ्या खुर्चीचं माझं मी बघेन.

लोभ आहे, म्हणून तर पट्टी काढली.
ताई

---

२४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं प्रोटीन मी ओळखलं. ती आपली थोरली काकू. आठ दिवसांसाठी आली आणि अकरा वर्षं राहिली. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, आणि जिच्याशी बोलेल ती दुसऱ्या दिवशी तिच्यासारखंच तोंड वाकडं करून बसायची. आधी मोलकरीण, मग शेजारीण, मग आपली आई. स्वयंपाकघरातून जिना, जिन्यावरून वरचा मजला. शेवटी आजोबांना स्वतःच्या खोलीत शिरतानाही खोकावं लागायचं. तर ही काकू आता माझ्या पोटात उतरलीय आणि जिना चढतेय, असं तुझं म्हणणं. काकूंना इतकी वर्षं ओळखतो, त्यांना माझ्या डोक्यात राहण्याजोगं काही सापडणार नाही. तूच सांगायचीस ना, की वरचा मजला रिकामा आहे?

अक्षराचं म्हणशील तर कागद वाचवत होतो. हे पत्र बघ आणि घे तुझी पट्टी. डॉक्टर काय करणार? नाकासमोर बोट नाचवणार, ऊठ म्हणणार, बस म्हणणार. एवढं मास्तरीण घरबसल्या करते.

एक मात्र चेष्टा बाजूला ठेवून लिहितो. या हाताशिवाय मला दुसरं काही येत नाही. त्याच्याबद्दल पुन्हा असलं काही लिहू नकोस.

लोभ ठेव, पट्टी कपाटात ठेव.
ढब्बू

---

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

मोजलं. सात मिलिमीटर, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, केसाचाही फरक नाही. तिथेच तू सापडलास. एवढं शहाणं अक्षर तू आयुष्यात काढलेलं नाहीस.

मी पत्र टेबलदिव्याच्या तिरक्या उजेडात धरलं. प्रत्येक ओळीच्या वर एक आणि खाली एक अशी पेन्सिलीची चर. शिसं रबराने गेलं, चर राहिली. पाटीवर खडूची दोरी मारायची, अक्षर काढायचं आणि मग खडू पुसायचा, हे पन्नास वर्षं करतोस. पण पाटीकडे कोणी तिरक्या उजेडात बघत नाही. माझा सगळा जन्म त्यातच गेला. शाळेत आखलेली वही दिली तर तू हटकून ओळीबाहेर लिहायचास. आणि आता बहिणीला चार ओळी लिहायला पट्टी घेऊन बसलास.

म्हणजे तुला माहीत आहे. आखून घेतलं की अक्षर मोठं येतं, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. ते शोधून काढायला तू किती दिवस दार लावून एकटा बसला असशील. याचा मला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. सध्या रागावर आहे.

मला फसवलंस, चालेल. काकूंना फसवता येत नाही. डॉक्टरांकडे जा, आणि तोवर शिडीला हात लावू नकोस.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.
ताई

---

१२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला काही कळवू नकोस असं ह्यांनी बजावलंय, म्हणून लगेच लिहिते.

मंगळवारी गोदामाच्या भिंतीला शिडी लावून हे वर गेले. दहाव्या पायरीवर पाय उचलेना. पडले नाहीत, घसरले नाहीत. पाऊल खिळून बसलं. निळ्या रंगाचा डबा तेवढा खाली आला, माझ्या चपला आता निळ्या आहेत. आधी मी ओरडले. त्याने काही होईना, तेव्हा शाळेत कवायतीला म्हणायचे तसं एक-दोन, एक-दोन म्हणत राहिले. त्या ठेक्यावर पाय सुटला आणि एकेक पायरी करत हे उतरले. खाली आल्यावर म्हणतात, वरून गाव बघत होतो. मी समोरच्या पायरीवर बसले ते अर्धा तास उठले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी काढायला निघाले. मी तिला सायकलची साखळी आणि कुलूप घातलंय. किल्ली कुठे आहे ते तुम्हालाही सांगणार नाही. माझं ते ऐकतच नाहीत. तुमचं ऐकल्याचं नाटक तरी करतात. तेवढं त्यांच्याकडून करवून घ्या.

आपली,
मास्तरीण

---

१७ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

मास्तरणीवर ओरडू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी तिच्याशी उभ्या जन्मात बोलले नसते.

तीस वर्षांत माझ्या टेबलावर शेकडो जण आले. नावं कधी कळली नाहीत, नुसते नंबर. मी गाणी गुणगुणत काप काढायची, डबा खायची, पुन्हा काप काढायची. मास्तरणीचं पत्र आल्यापासून एकच डोक्यात घोळतंय, की त्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी ढब्बू होता. मला फार भीती वाटते आहे. हे मी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

गोळ्यांनी काकू घर सोडतील असं खोटं सांगणार नाही. त्या जात नाहीत. पण त्यांचा जाच कमी होतो, हात चालता राहतो, आणि चांगली वर्षं मिळतात. वीस फुटांवरून पडलास तर यातलं काहीही मिळणार नाही. वर सगळे म्हणतील, बिचारा कामात गेला. तसं म्हणणाऱ्यांच्या घरी मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

सोबत पन्नास कागद पाठवतेय. पाठपोट ओळी मीच आखल्यात, शाईने. म्हणजे रबर चालणार नाही आणि चोरीही करावी लागणार नाही. मोठं लिही.

लोभ होता, आहे.
ताई

---

२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे कागद आले त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो. पोरगेलासा आहे. बोट नाचवलं, चालवलं, बसवलं, चिमूट उघडमीट करायला लावली, आणि शेवटी तुझंच म्हणणं जरा महाग भाषेत सांगितलं. वास कधीपासून येत नाही, असं त्याने मला विचारलं. मास्तरणीने तारखेसह उत्तर दिलं. नडगीही दाखवली. तर काकूच आहेत. एक महिना गोळ्या घेतोय. हाताची गाठ थोडी सैल झाल्यासारखी वाटते. चालताना पाय अडला की मास्तरीण भर रस्त्यात एक-दोन सुरू करते, आणि लोकांना वाटतं ही मला शिक्षा चाललीय.

गोदामाची पाटी झाली. पत्र्याचे आठ तुकडे अंगणात पसरले, खडूची दोरी मारली आणि जमिनीवर बसून रंगवले. मालकाच्या माणसांनी वर नेऊन ठोकले. काल मी रस्त्यावर उभा राहून बघितली. पन्नास वर्षांत कधी स्वतःची पाटी ठोकली जाताना खालून बघितली नव्हती. 'क' जरा उजवीकडे कललाय, पण ते फक्त तुला दिसेल.

शिडी कापली. कापताना फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. खालच्या तीन पायऱ्यांचं स्टूल करून तुला पाठवलंय. माळ्यावरची खोकी काढताना त्यावर चढायचं, खुर्चीवर नाही. चौथी पायरी मुद्दाम ठेवली नाही.

तुमच्या प्रयोगशाळेचा देणगीचा फॉर्म पाठव. सही मोठी येते आहे तोवर करून टाकतो. काकूंनी वरच्या मजल्यावर काय काय उचकटलं ते कोणीतरी नीट बघावं. फक्त माझा काप तू काढायचा नाहीस. तुझ्या हाताखाली शिकलेल्या एखाद्या मुलीला सांगून ठेव, आणि काढताना तिला गाणं म्हणू दे.

रोज एक कागद पाठपोट गिरवतो. पन्नासातले दहाच कागद उरलेत. लोभ मला पुरून उरलाय, तो वाढवू नकोस. ओळी तेवढ्या आखून पाठवत जा.

तुझा,
ढब्बू