ओली वेल

ता. ४ मे

चि. सौ. माळीणबाईंस व चि. चिमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मनगटाचं प्लास्टर निघालं हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी चेंडू दाबायला सांगितला असेल तर दाबत जा. मात्र चिमीचा चेंडू तिला विचारून घे, नाहीतर घरात दुसरा रुग्ण तयार व्हायचा. व्हरांड्याच्या त्या पायरीला मी खडसावलं आहे. इतकी वर्षं सगळ्यांना सुखरूप खाली उतरवणारी पायरी, तुझ्यावरच अशी का उलटली, याचं तिच्याकडे उत्तर नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन बाळच्या खोलीत आणि बाळ फोनजवळ. शिवाय फोनवर माझ्या तोंडून विशेषणं फुटत नाहीत.

आता बातमी. माझा धाकटा भाऊ, तुझा नवरा, वय त्रेचाळीस आणि तरी अख्ख्या घराचा बाळ, कामाला लागला आहे. तू माहेरी गेल्यावर तो नुसता छताकडे बघत पडून असायचा. एका सकाळी उठला, कुऱ्हाड, कोयता, पहार घेऊन अंगणात उतरला आणि म्हणाला, हे सगळं जुनं काढून नवीन लावायचं. कुठाराघात हा शब्द मी वर्गात आयुष्यभर शिकवला. त्याचा आवाज असा ओला असतो हे आत्ता कळलं.

कुंपणाच्या जास्वंदी गेल्या. कण्हेर गेली, तिचा चीक त्याच्या हातावर आणि माझ्या चष्म्यावर उडाला. व्हरांड्यावरची मधुमालती चालू आहे. मी त्याला वडिलांचा, आपल्या अण्णांचा, नियम सांगितला: वेल बुडाशी कापावी आणि वाळेपर्यंत हात लावू नये, मग ती सुतळीसारखी आपोआप सुटून येते. बाळ म्हणाला, मला तेवढा वेळ नाही. ओलीच ओढतोय. वेलीबरोबर भिंतीचा गिलावाही येतो आहे. एक घरटंही आलं, ते त्याने पाहिलं नाही. कोयत्याचा दांडा तुटला तेव्हा उरलेला तुकडा त्याने खांबावर आपटून आपटून त्याच्या काड्या केल्या. हाताला फोड आले, फुटले, पट्टी बांधू देत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ओटीवर डब्यांतून रोपं आली आहेत: गुलाब, लिंबू, पेरू, एक डाळिंब. मला विचारत होता, तिला पांढरा गुलाब आवडतो की लाल. इतका घाम तो कुणासाठी गाळतो आहे, हे सांगायला व्याकरण लागत नाही. शाळा उघडायच्या आत दोघी परत या. चिमीची जागा तिच्या वर्गात आहे, आणि तुझी इथे.

लोभ आहेच, तो रोज पाणी घालून वाढवत जा.
तुझा,
दादा


ता. ९ मे

ती. दादांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र आल्या आल्या चिमीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि घरट्यापाशी येऊन थांबली. पुढचं मी मनातल्या मनात वाचलं. तिने पुढे काय लिहिलंय ते विचारलंही नाही. तिचा चेंडू मला मिळाला आहे, तासाला एक गोष्ट या भाड्याने.

दादा, तुम्ही झाडांची नावं वर्गात हजेरी घ्यावी तशी घेतलीत. पालकांचं नाव तेवढं विसरलात. जास्वंदी मी आणल्या, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात, ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून. कण्हेर तुमच्या शाळेच्या कुंपणावरून, तुमच्याच डोळ्यांदेखत चोरून. मधुमालती चिमीच्या जन्माच्या वर्षीची. त्या अंगणात ‘जुनं’ म्हणून जे काही होतं ते सगळं माझं होतं. ते काढून तिथे माझ्यासाठी काहीतरी लावायचं चाललं आहे. मला कुणी विचारलं नाही. पांढरा की लाल, एवढं विचारलं, तेही तुम्हाला.

त्यांचा फोन येतो. रडतात. पुन्हा असं होणार नाही म्हणतात, आणि ‘असं’ म्हणजे काय ते सांगत नाहीत. माझी आई म्हणते पुरुषमाणूस रडला म्हणजे विरघळला. मला कळत नाही. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. अंगणात खुर्ची टाकून बसा आणि मला कळवा: एखादं मूळ पहिल्या ओढीला आलं नाही की ते काय करतात? चेहरा कसा असतो? उपमा, उत्प्रेक्षा नकोत. दिसेल ते.

इथल्या शाळेत चिमीला घेतील, पण महिनाअखेरपर्यंत सांगायला हवं. ती रोज विचारते, आपण कुठल्या शाळेत जायचं. मी म्हणते, दादाकाकांचं पत्र येऊ दे.

तुमच्या लोभावर माझा हक्क आहे, तो असू द्या.
आपली,
माळीणबाई


ता. १३ मे

चि. सौ. माळीणबाईंस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पालकांचं नाव विसरलो हा ठपका मान्य. हेडमास्तरांना कळवू नये.

तू सांगितलंस म्हणून काल सकाळी चहाचा कप घेऊन खुर्ची टाकली. मधुमालतीचा वरचा भाग गेला आहे, बुंधा उरला आहे. मनगटाहून जाड, भिंतीच्या पायात शिरलेला. बाळने पहार घातली, ओढलं. आला नाही. कुऱ्हाड घातली. आला नाही. मग त्याने कुऱ्हाड उलटी धरली आणि बोथट बाजूने त्यावर मारायला लागला. बुंध्याचा भुगा झाला, साल लोंबायला लागली, आतलं पांढरं बाहेर आलं, तरी मारतच होता. माझा चहा निवून गेला. चेहरा विचारलास. रागीट नव्हता. शांत होता, हिशेब तपासताना कारकुनाचा असावा तसा. ही उपमा झाली; माफ कर.

तो त्या वेलीशी बोलतही होता. पहिल्यांदा मला वाटलं स्वतःशीच. मग ऐकू आलं. “येतेस की नाही? ये म्हटलं की यायचं.” पुन्हा पुन्हा तेच, आवाज न चढवता.

आता, हत्यारांशी, बैलांशी, नळांशी माणसं बोलतातच. मी स्वतः काल सुईत दोरा ओवताना तिला दोन शिव्या हासडल्या, त्याही शुद्ध. तेव्हा यातून फार काही काढू नये असं मी मनाला सांगितलं. बुंधा शेवटी निघाला. खड्डा गुडघाभर आहे, त्यात त्याने खत घातलं. संध्याकाळी आंघोळ करून जेवायला बसला तेव्हा अगदी लहानपणचा बाळ होता. भात वाढताना मला म्हणाला, दादा, तू हल्ली खात नाहीस.

काय लिहावं? दिसलं ते लिहिलं. रोपं डब्यांत वाळायला लागली आहेत. तू आलीस तर सगळं हातासरशी मार्गी लागेल, असं अजूनही वाटतं. निदान वाटावंसं वाटतं.

चिमीला गोड पापा. लोभाचं मडकं अर्धं भरलं आहे, बाकीचं तू भर.
दादा


ता. १८ मे

ती. दादांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले.

मी पायरीवरून पडले नव्हते. पायरीला उगाच बोल लावू नका.

त्या दुपारी तुम्ही शाळेत होतात. आमटीत मीठ जास्त झालं, एवढंच कारण. कारण काहीही चाललं असतं. मी व्हरांड्यात निघून गेले. ते मागून आले, आत चल म्हणाले. मी चिमी झोपली आहे तिथे तमाशा नको म्हणून बाहेरच थांबले आणि मधुमालतीत हात घालून खांबाला धरलं. त्यांनी माझा दुसरा हात धरला आणि ओढलं. “येतेस की नाही? ये म्हटलं की यायचं.” आवाज चढवला नव्हता. मी खांब सोडला नाही. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, त्यांनीही ऐकला, आणि त्यानंतरही ते ओढत होते. मग चिमी दारात आली.

पायरीची गोष्ट मीच रचली, तिच्यासाठी. ती तिला खरी वाटली नाही. तुम्हाला वाटली.

हे लिहूनही सांगते, की काल फोनवर मी येते म्हटलं आहे. एक जूनच्या रविवारी. अंगण रिकामं झालंय, तुझ्या हातानेच गुलाब लाव म्हणाले. चिमीला तिची मैत्रीण हवी आहे, माझ्या आईला शेजाऱ्यांना द्यायला उत्तर हवं आहे, आणि मला रोज रात्री ठरवायचा कंटाळा आला आहे. तेव्हा तुम्ही ठरवा. यावं की येऊ नये, एक ओळ. लिहून हवी. संस्कृत नको. तुम्ही लिहाल ते मी पाळीन, मग ते काहीही असो.

माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
माळीणबाई


ता. ३० मे

चि. सौ. माळीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस.

मागितलीस ती ओळ ही. बाकीचं बसून वाच.

अक्षर शेजारच्या फोटोवाल्यांचं आहे, शब्द माझे. ते मधूनच थांबतात आणि हे लिहायलाच हवं का म्हणतात. मी म्हणतो, लिहा. दुकानातून फोन करा असंही म्हणत होते. पण बोललेल्या शब्दांना नंतर ‘तसं म्हणायचं नव्हतं’ अशी पळवाट असते. म्हणून हे पत्र टपालात न टाकता ते स्वतः घेऊन येत आहेत. त्यांना चहा दे, त्यात साखर दोन चमचे.

तुझं पत्र मिळालं त्या दुपारी बाळ खड्ड्यात लिंबू लावत होता. मी जवळ जाऊन विचारलं, ती पायरीवरून पडली होती का. एवढंच. त्याने रोपाभोवतीची माती दोन्ही हातांनी नीट दाबली, उठला, कुदळ उचलली, तिचं पातं पायाने दाबून दांड्यातून सोडवलं आणि बाजूला ठेवलं. त्या वेळी मला वाटलं, काम संपलं असावं. मग दांडा माझ्या खांद्यावर बसला. दुसरा मी वर केलेल्या हातावर. तिसरा, मी पडल्यावर, बरगड्यांवर. माझ्या तोंडात खताची माती गेली. इतकी वर्षं भूमी या शब्दाचे सगळे पर्याय घोकून घेतले, चव आत्ता कळली. तो वाकून म्हणाला, “ऊठ दादा. ऊठ म्हटलं की उठायचं.” मला उठता येत नव्हतं. त्याने आणखी मारलं.

नंतर नळावर जाऊन हात धुतले, झारी भरली आणि एकेका रोपाला पाणी घातलं. माझ्याजवळून जाताना त्याने विचारलं, रविवारची गाडी सकाळी येते की संध्याकाळी.

फोटोवाले आपल्या गच्चीवर स्टुडिओतले रंगवलेले पडदे वाळत घालत होते. त्यांनी सगळं पाहिलं, धावत आले, बाळच्या हातातून दांडा हिसकावला. त्यांच्याही ओठाला तीन टाके पडले. मला इस्पितळात पडल्या पडल्या एकच गोष्ट सतावत होती. कुंपण नव्हतं म्हणून त्यांना दिसलं. तुझ्या वेळी जास्वंदी पुरुषभर उभ्या होत्या.

पोलिसांत जबाब दिला आहे. माझा, आणि फोटोवाल्यांचा. तुझ्याबद्दल मी सांगू शकत होतो तेवढं सांगितलं. उरलेलं तुझं आहे, द्यायचं की नाही ते तू ठरव, हे मात्र मी ठरवणार नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, सख्खा भाऊ ना? म्हटलं, सख्खा. बाळ सध्या घरी आहे, बोलावतील तेव्हा जातो. मी फोटोवाल्यांच्या स्टुडिओमागच्या खोलीत राहतो. भिंतीवर पर्वत आणि सरोवर रंगवलेलं आहे, त्यापुढे मी खांदा बांधून बसलेला, बघण्यासारखं आहे.

चिमीचं नाव तिथल्या शाळेत उद्याच घाल. तिला सांग, दादाकाकांचं पत्र आलं.

बाळचा फोन येईल. तो रडेल, आणि खरंच रडेल. अंगणाचं सांगेल. ते खोटं नसेल. इथल्या खिडकीतून मला सगळं दिसतं: रोपांनी जीव धरला आहे, लिंबाला पालवी फुटली आहे, पांढऱ्या गुलाबाला कळी आहे. तो पहाटे उठून आळी करतो, पानं फडक्याने पुसतो. रस्त्याने जाणारे थांबून बघतात आणि म्हणतात, काय हात आहे माणसाला. बाग सुंदर झाली आहे. तरी येऊ नकोस.

लोभ ठेव, आणि दाराला कडी.
तुझा,
दादा