गच्चीवरचं गाणं

तेस्ताच्चो, रोम
१४ नोव्हेंबर १९४८

चि. दुइलियो,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. माझी लेक पीना शाळेत जाते. थंडीने सासूबाईंचे गुडघे धरलेत. तू धाडलेली तुझ्या सिनेमाची तिकिटं मिळाली. काल सासूबाई आणि मी जाऊन आलो.

लोक रडले. नवऱ्याला जर्मन फरफटत नेतात आणि तुझी ती बाई कपडे पिळत नाचाचं गाणं गुणगुणते, तेव्हा शेजारचा चष्मेवाला बायकोला म्हणाला, "काय टिपलंय बघ! गरिबांना दुःख पेलतच नाही." पेपरवालेही तेच लिहितात. एका स्वस्त गाण्याने दिग्दर्शकाने म्हणे बाईचं अख्खं मन उघडं केलं.

कुणाचं मन रे?

बाहेर आल्यावर सासूबाई रस्त्यातच थांबल्या. "तळमजल्यावरची इर्मा सांगायची, माझ्या पोराला नेत होते तेव्हा तू गात होतीस. मी तिला खोटारडी म्हणून भांडले. म्हणजे खरंच होतं!" घरी आल्यावर माझ्या हातचं सूप त्यांनी सरकवून दिलं.

गाणं रेडिओवरचं, सगळी गल्ली गायची. पण त्या सकाळी मी ते का गात होते, हे तुला ठाऊक आहे. गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत तू लपला होतास. मी गातेय तोवर बाहेर यायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. जर्मन तुलाच शोधत आले होते. "मेव्हणा कुठाय?" असं विचारलं, तर माझा नात्झारेनो म्हणाला, "गेला खड्ड्यात! मला काय माहीत?" त्यांनी त्याला बुटांनी तुडवलं. जिन्यावरून नेताना त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात टाकीचं झाकण हललं. मी आवाज चढवला.

तो परत आला नाही.

तुला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून मी चार वर्षं तोंड शिवून बसले. आणि तू? टाकी गाळलीस, स्वतःला गाळलंस, माझं गाणं तेवढं ठेवलंस! वर टाळ्या घेतोस!

आज सकाळी सासूबाईंना मी सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ जिवंत आहे ना? मग त्याने येऊन सांगू दे."

रविवारी जेवायला ये. मिठाई आणू नकोस. पीनालाही समोर बसवणार आहे.

तुझी बहीण म्हणून सही करायला आज हात धजत नाही.

नात्झारेनोची बायको,
एर्सिलिया