चौथ्या खांबाखालचा चिखल

३ मे
पुलाचं वेळापत्रक तयार. इथे पूर जानेवारीत येतो, त्याच्या आत, डिसेंबरअखेर काम खलास. अडचणींसाठी राखलेले दोन महिने काढून टाकले. ठेवले की लोक वापरतात.

११ जून
सर्व्हेयर नालिशेबोबाई म्हणतात, चौथ्या खांबाखाली खोल बोअर घेऊन माती तपासू, तीन आठवडे लागतील. म्हटलं, तीन खांबांखाली खडक लागला, चौथ्याखाली काय लोणी असणार? वहीत काहीतरी टिपून घेतलं. पटलं असावं.

२ सप्टेंबर
चौथ्याखाली चिखल. नुसता चिखल. पाया दुप्पट खोल न्यायला हवा. राजधानीतून, लुसाकाहून फोन, खर्च का वाढला? सांगितलं, वाढला नाही, पुढचा आधी झालाय.

१९ ऑक्टोबर
दुप्पट कशाला, दीडपट पुरे. बाईंनी विरोध लेखी दिला. फाइलला लावला. सहा आठवडे मागे आहोत. कागदावर तीनच. बाकीचे नोव्हेंबरात भरून काढू.

८ डिसेंबर
मंत्र्यांना उद्घाटनाची तारीख कळवली : १५ फेब्रुवारी. आता काम आपोआप वेग घेईल. जेवण वाढताना आचारी मुबिता म्हणाला, "साहेब, सखल भागातली माणसं गुरं घेऊन आत्ताच वर निघालीत. एवढ्या लवकर कधी निघत नाहीत." हौशी लोक.

२० जानेवारी
पाणी रोज वीतभर चढतंय. चौथ्या खांबापाशी गोल गोल फिरतं. घट्ट लापशी शिजताना येतो तसा आवाज. दिवसभर येतो. पंप असावा.

२१ जानेवारी
पंप बंद होता.

२८ जानेवारी, दुपार
नालिशेबोबाईंनी मला न विचारता कामगारांची छावणी टेकाडावर हलवली. अख्खा दिवस बुडाला! मेमो दिला. त्यांनी सही केली. म्हणाल्या, "साहेब, तुमचाही तंबू हलवू का?" म्हटलं, इंजिनियर कामाच्या जागीच राहतो.

३० जानेवारी, सकाळ
क्रेनवाल्या सितालीने उजाडता उजाडता मला दंडाला धरून होडीत ओढलं. "आधी बसा हो! कागद राहू द्या!" मागे वळलो तेव्हा चौथा खांब कलत होता. मग क्रेनसकट गेला. फार आवाजही झाला नाही. छावणी होती तिथे पाणी.

टेकाडावर नालिशेबोबाई हजेरी घेत होत्या. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस हजर. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं. "अकापेल्वा?" नावापुढे 'साहेब' नाही.

हात वर केला.