धक्क्याला पाणी लागल्यावर केलेली वाटणी

मी, खाली सही करणारी, धंदा होड्या बांधण्याचा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. अक्षर वाकडे येते आहे ते आनंदाने. आज सकाळी सरोवराचे पाणी आमच्या जुन्या धक्क्याला लागले! इतकी वर्षे मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्याजोगे काही उरलेच नव्हते. आता आहे.

कलम एक. राहते घर माझ्या मुलीला द्यावे. ती जन्मली तेव्हा खिडकीखाली लाटा आपटत. ती शाळेत जाऊ लागली तोवर गच्चीवरूनही पाणी दिसेना. नदी वरच्या शेतांकडे वळवलेली. उरलेले पाणी इतके खारट झाले की खाऱ्या पाण्यातले मासेसुद्धा मेले. उघड्या तळावरून मिठाची धूळ उडे आणि पोर तोंडाला फडके बांधून शाळेत जाई. तिचे वडील कामधंदा शोधायला म्हणून गेले आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसले. या घरावर त्यांचा काडीइतकाही हक्क नाही. त्यांच्या खुर्चीचे मी केव्हाच सरपण केले आहे.

कलम दोन. नवी होडी, शीड आणि वल्ह्यांसकट, माझ्या धाकट्या भावाला. हे वाचून गावाच्या भुवया उंचावतील, म्हणून खुलासा करते. भाऊ कालव्याच्या दरवाज्यांवर अधिकारी होता. ज्या दरवाज्यांनी आमची नदी अडवली, तेच. ‘पुन्हा तुझं तोंड बघणार नाही,’ असे मी त्याला चारचौघांत सुनावले होते आणि ते बरीच वर्षे पाळलेही. मग एकदा त्याचा फोन आला.

“ताई, इथं पिकांवर पांढरं काहीतरी पडतंय. पानं करपतायत. चाखून पाहिलं तर खारट लागतं.”

“ते माझं सरोवर आहे,” मी म्हणाले. “पोचलं शेवटी तुझ्यापर्यंत.”

पुढच्याच आठवड्यात तो वरच्या शेतकऱ्यांना बसमध्ये घालून घेऊन आला. मी त्यांना कोरड्या तळावर नेले आणि तेवढ्यात वावटळ उठली. सगळे एका उपड्या होडीखाली दाटीवाटीने बसलो. एक शेतकरीण डोळे पुसत मलाच म्हणाली, “दिसतंय हो सगळं. पण पाणी सोडलं तर आमच्या पोरांनी खायचं काय?”

भाऊ बोलला, “कालवे गळतायत. निम्मं पाणी वाटेतच मुरतं. आधी ते बुजवू. जे वाचेल ते खाली सोडू. हे मी वरिष्ठांना लेखी कळवलंय.”

“आणि तुझी नोकरी?” मी विचारले.

“गेली तर तुझ्याकडे होड्या रंगवीन.”

नोकरी गेली. तो आला. रंगवतो अगदी भिकार. पण शेतकऱ्यांनी गळती बुजवायला स्वतःची माणसे दिली, ती उपडी होडी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना म्हणून. काम वर्षानुवर्षे चालले आणि वाचलेले पाणी वरिष्ठांना अखेर दरवाज्यांतून खाली सोडावेच लागले. मग नदी आली, गढूळ, फेसाळ, आमच्याच गल्लीत वाट चुकलेली! आम्ही दोघे तिच्यात गुडघाभर उभे राहून वेड्यासारखे ओरडत होतो.

कलम तीन. करवती, रंधे आणि पटाशा भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. हात माझ्यासारखा, तोंडही माझ्यासारखे. गिऱ्हाइकाशी भांडताना हत्यार खाली ठेवावे, एवढीच अट.

कलम चार. शिल्लक रकमेतून उरलेल्या कोरड्या तळावर मिठात तगणारी झुडपे लावावीत. सरोवर सगळे परतलेले नाही. पलीकडची बाजू अजून धुळीत आहे. माझा पुतळा वगैरे उभारण्याचा विचार कोणी केल्यास त्या पैशांचीही झुडपेच घ्यावीत.

कलम पाच, आणि घाईत. भावाला साक्षीदार करता येत नाही, कारण होडी त्यालाच मिळते आहे. तो होडीत उभा राहून ओरडतो आहे, “ताई, वारा पडेल! उरलेलं आल्यावर लिही!” आल्यावर लिहिण्याचा भरवसा नाही, म्हणून आत्ताच नोंदवते: आज आम्ही मध्यापर्यंत जाणार आहोत. परत आले नाही तर कोणावरही ठपका ठेवू नये. हवा उत्तम होती, होडी मी बांधलेली होती, आणि सुकाणू मी हट्टाने माझ्याच हाती घेतले होते.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). जाळी विणणारे शेजारी (सही, ओल्या हाताने).

सही: होडीवाली ताई

स्थळ: धक्का, पाण्याच्या बाजूची पायरी
दिनांक: आजचा. डॉक्टरीणबाई आकडे घालतील, मी निघाले.